झाकणाचं अंडं

शौचाचा नमुना कशात आणावा, याबद्दल पनवेलमध्ये कधीच एकमत नव्हतं. लॅबमधून प्लॅस्टिकची डबी मिळते, झाकणाला आतून छोटा चमचा असतो. तरी माणसं घरून भांडं आणत. जॅमची बाटली, फेस क्रीमची डबी, पेढ्यांचा खोका. एकदा तर स्टीलचा डबा आला, फडक्यात बांधून वर गाठ मारलेला, कामावर निघालेल्या माणसाच्या हातात असतो तसा. दुपारी तो गृहस्थ डबा परत न्यायला आला आणि धुऊन ठेवलाय का, असं त्याने विचारलं.

तपासणीला लागतं ते चिंचोक्याएवढं. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नसे. इतक्या थोड्यात तुम्हाला काय दिसणार, असा त्यांचा चेहरा असे.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे मी तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि अलीकडेच निवृत्त झाले. लॅबचं नाव इथे दिलेलं नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. रक्तासाठी माझ्यादेखत यंत्रं आली, लघवीसाठी पट्ट्या आल्या. शौचाच्या नमुन्याला मात्र शेवटपर्यंत डोळाच लागत होता. इतर कुणाला ते काम नको असे. त्यामुळे ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं आहे. काचपट्टीच्या एका बाजूला सलाइनचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या बाजूला आयोडिनचा. काडीने नमुन्याचा कण दोन्हीत कालवायचा. वरून पातळ काच ठेवायची. थराची जाडी इतकीच हवी की काचेखाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता यावीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी एका कोपऱ्यातून सुरू करायची आणि शेत नांगरल्यासारखी सरी धरून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, तिथून वळून शेजारची सरी. मधली जागा सोडायची नाही. कंटाळा येतो. कंटाळा आला की डोळा उडी मारतो आणि नेमकी उडी मारलेल्या जागी अंडं असतं.

जंत स्वतः क्वचित दिसतो, दिसतात ती त्याची अंडी. गोल जंताचं अंडं तपकिरी आणि खडबडीत, तुतीच्या फळासारखं. चाबूकजंताचं मृदंगाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखं. आकडीजंताचं कवच इतकं पातळ की उजेड जास्त ठेवला तर ते दिसतच नाही. जिआर्डिया हा एकपेशीय जीव ताज्या नमुन्यात गळून पडणाऱ्या पानासारखा डुलत जातो. अमीबा थंड झाला की थांबतो, म्हणून नमुना ताजा हवा. काल रात्रीचा फ्रीजमध्ये ठेवला होता, असं कुणी अभिमानाने सांगितलं की आम्ही दोन गोष्टी करत असू. नमुना परत देत असू आणि फ्रीजमध्ये आणखी काय होतं, हे विचारायचं टाळत असू.

पण शिकायला सगळ्यात वेळ लागतो तो जंत नसलेल्या गोष्टी ओळखायला. हवेचा बुडबुडा, परागकण, टोमॅटोची साल, केळ्यातली दोरी, मिरचीच्या बीचं टरफल. यातलं प्रत्येक काही ना काही सोंग आणतं. विचुंबे गावचे एक आजोबा काडेपेटीत पुरावा घेऊन आले होते. शेतजमिनी इमारतींखाली गेल्यावरही परसात भाजी लावणारे, आगरी घरातले. त्यांनी काडेपेटी माझ्यासमोर उघडली. आत पांढरट, वळलेली, एका टोकाला जाड अशी वस्तू होती.

"ह्यो किडा. माज्या पोटातून पडला," ते म्हणाले.

मी ती काचेवर घेतली, दाबली, पाहिली. आत वनस्पतीच्या पेशी विटा रचल्यासारख्या ओळीने होत्या.

"बाबा, काल घरी बिरडं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "वालाचा व्हता. तुमाला कोनी सांगितला?"

"हा वालाचा मोड आहे. चावला गेला नाही."

"दात नाय मला," ते म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी काडेपेटी मिटली. "मंग डाक्तरनं इंजेक्शन का मारला?"

याचं उत्तर माझ्या अखत्यारीत नव्हतं. पण तेव्हापासून मी नव्या मुलींना शिकवताना एक गोष्ट पहिली सांगत असे. काचेवर रोगी दिसायच्या आधी त्याचं जेवण दिसतं. ते आधी ओळखा.

दुसरी अडचण सूक्ष्मदर्शकाखालची नाही, काउंटरवरची आहे. या वस्तूचं नाव कुणी घेत नाही. 'ते आणलंय', 'डबी आणलीय', 'सामान कुठे ठेवू', एका वकिलाने तर 'पार्सल' म्हटलं. नवरा बायकोला सांगत नाही, मुलगा आईला सांगत नाही. कशासाठी तपासलं, काय निघालं, डॉक्टरांनी काय बंद करायला सांगितलं, हे सगळं अर्धवट बोललं जातं आणि उरलेलं समोरच्याने आपल्या मनाने भरून घ्यायचं असतं. इम्तियाजच्या बाबतीत जे झालं ते यातूनच झालं.

इम्तियाज जुन्या पनवेलमधल्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. कोकणी मुसलमान घरातला, पंचविशीच्या आसपासचा, बोलायला कमी. त्याला कतारमधल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात नोकरी मिळाली होती. जाण्यापूर्वी सरकारमान्य केंद्रात वैद्यकीय तपासणी असते, आणि स्वयंपाक्याचा शौचाचा नमुनाही तपासतात. पनवेल-उरणकडची आखातात जाणारी माणसं त्या तपासणीला थेट जात नाहीत. आधी आमच्यासारख्या खासगी लॅबमध्ये सगळं बघून घेतात. काही निघालंच तर औषध घ्यायचं, साफ करायचं, मग केंद्रावर जायचं. तिथे एकदा नापासाचा शिक्का बसला की तो निघता निघत नाही, आणि एजंट दुसरा माणूस पाठवून मोकळा होतो.

इम्तियाज आला तेव्हा बकरी ईद नुकतीच झाली होती. त्याचं रक्त ठीक, एक्स-रे ठीक. शौचाच्या नमुन्यात गोल जंत नाही, आकडीजंत नाही. पट्टीच्या जवळजवळ शेवटच्या सरीत मला एक अंडं दिसलं आणि मी हात थांबवला.

ते मोठं होतं. गोल जंताच्या अंड्याच्या दुप्पट तरी. लांबट, पिवळसर, गुळगुळीत. मी भिंग वाढवलं. एका टोकाला बारीक रेघ होती, झाकणाची असते तशी. मी असं अंडं पुस्तकातल्या चित्राखेरीज कुठेही पाहिलं नव्हतं.

आमचे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते, पण बैठक पक्की. त्यांनी पाहिलं, बाजूला झाले, पुन्हा पाहिलं.

"यकृतातल्या पर्णकृमीचं अंडं आहे," ते म्हणाले. "शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात असतो तो चपटा किडा. माणसात होतो, पण आपल्याकडे क्वचित." मग त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या इम्तियाजला आत बोलावलं. "इदेला कलेजी खाल्ली?"

"खाल्ली. पहिल्यांदा तेच बनवतात, सर. कुर्बानी झाली की लगेच."

"बकरा कुठला होता?"

"आपटा गावचा. मामाकडे नदीकाठी चरायला होता."

डॉक्टरांनी मान हलवली. पाणथळ गवत, त्यावर गोगलगायी, गोगलगायींतून कृमी, कृमी बकऱ्यात. साखळी जुळत होती. किडा लागलेली कलेजी शिजवून खाल्ली तरी किड्याची अंडी पचत नाहीत. ती पोटातून तशीच पुढे जातात आणि आमच्या काचेवर येतात. माणसाला काही झालेलं नसतं. अंडी पाहुणी असतात.

"पण खरोखर तुझ्या लिव्हरमध्ये किडा असला, तरी अशीच अंडी दिसतील," डॉक्टरांनी त्याला सांगितलं. "दोन्हींत फरक करायचा एकच मार्ग आहे. कलेजी पूर्ण बंद कर, आठवड्याने पुन्हा नमुना आण. अंडी गेली तर तुझी नव्हती."

"आणि नाही गेली तर?"

"तर औषध द्यावं लागेल. ते औषध सहज मिळत नाही. आणि साफ होईपर्यंत तू जाऊ शकणार नाहीस."

इम्तियाजने हिशेब केला. एजंटने तपासणीची तारीख आधीच घेतली होती. मधे दोन-तीन नमुने देण्याइतकाच वेळ होता.

आठवड्याने तो दुसरा नमुना घेऊन आला. त्यात अंडी कमी झालेली नव्हती. उलट पहिल्या पट्टीत शोधावी लागली होती, या पट्टीत दर दुसऱ्या सरीला होती.

"कलेजी खाल्लीस?" मी विचारलं.

"तोंडाला नाय लावली, ताई."

"हॉटेलात चाखायला?"

"हॉटेलात कलेजी होतच नाय. मालक देत नाय."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारी माणसं जास्त तपशील देतात. डॉक्टरांनी रक्तातल्या पेशी पुन्हा मोजायला लावल्या, पोटाची सोनोग्राफी करून घेतली. किडा असल्याची एकही खूण त्यांत नव्हती. पण अंडी होती, आणि वाढली होती. डॉक्टर त्या दिवशी चिडलेले होते. न जुळणाऱ्या गोष्टींवर ते चिडत.

"आणखी एक नमुना बघू," ते म्हणाले. "तेव्हाही असली तर मला खरा संसर्ग म्हणूनच लिहावं लागेल."

इम्तियाज काउंटरशी घुटमळला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "ताई, एजंट म्हणतो केंद्रावर दुसऱ्याचं दिलं तर चालतं."

"दुसऱ्याच्या पोटात काय आहे, ते तुला माहीत आहे का?"

मी त्याला उरणच्या एका उमेदवाराची गोष्ट सांगितली. त्याने खबरदारी म्हणून बायकोचा नमुना स्वतःचा म्हणून दिला आणि त्यात गोल जंताची अंडी निघाली. हा नमुना माझा नाही, असं त्याला म्हणता येईना. त्याने गुपचूप जंताचं औषध घेतलं. बायकोला दिलं नाही, कारण तिला सांगणार काय. पुढच्या वेळी पुन्हा तिचाच नमुना आणला आणि पुन्हा अंडी निघाली.

इम्तियाज पहिल्यांदा हसला. "मी माझंच आणतो," म्हणाला.

तिसरा नमुना मात्र त्याने आणला नाही, त्याची आई घेऊन आली. कागदपत्रांवर शिक्के मारून घ्यायला तो मुंबईला गेला होता. जुबैदाखाला ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून ओढणी, हातात कापडी पिशवी. नमुन्याची डबी पिशवीत, डबीवर भाजी, म्हणजे रस्त्यात कुणी विचारलं तर बाजाराला निघाल्यासारखं.

"लवकर सांगा, ताई," त्या म्हणाल्या. "पोरगा रातभर जागतो."

सकाळची गर्दी ओसरली होती. मी त्यांना बाकावर बसवलं आणि पट्टी लावली. पहिल्याच सरीत झाकणाचं अंडं. मी सरळ बाहेर आले.

"खाला, इम्तियाज घरी काय खातो?"

"काय खाणार. सगळा परहेज. मटण बंद, तिखट बंद. कलेजी तर बघत पण नाय, ज्याच्यावर जीव होता पोराचा. मी समजली, बीमारीने तोंडाची चव गेली. भाकरी खातो, दाल खातो. आणि सकाळी माझा सूप."

"कसलं सूप?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्याला सांगू नका. त्याला वाटतं पायाचा हाय. जिगराचा हाय, कलेजीचा. तोच आपला कुर्बानीचा, फ्रीजरला ठेवलाय. उकडते, मिक्सरला बारीक करते, चहाच्या गाळणीतून गाळते. काळी मिरी टाकते, म्हणजे वास लागत नाय."

"पण कलेजी बंद करायला सांगितली होती."

"मला कोण बोलला? पोरगा बोलला, अम्मी, लिव्हरमधे किडा दिसला, पुन्हा तपासायचाय. बस. पुढे विचारला तर उठून गेला. आता जिगर कमजोर झाला तर माणूस काय देणार? जिगरच देणार. माझी सास पण हेच द्यायची. आणि दुसऱ्यांदा डबी दिली तेव्हा मी आणखी वाढवला."

म्हणून दुसऱ्या पट्टीत अंडी वाढली होती आणि तिसरीत पहिल्याच सरीला दिसली. चहाच्या गाळणीची भोकं त्या अंड्यांपुढे दरवाजाएवढी असतात.

सहसा आम्ही कुणाला सूक्ष्मदर्शक दाखवत नाही. दाखवलं तर माणसं दिवसभर हात धूत बसतात. पण तोंडी सांगून हे पटणार नव्हतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्यांचे केसच दिसले. मग नजर बसली.

"हा? पिवळा?"

"तोच. त्याच्या टोकाला रेघ आहे बघा. ते झाकण."

"चिंचोक्यासारखा हाय." त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे फुटून पोटात किडा होणार?"

"नाही. हे अंडं पाण्यात जावं लागतं, गोगलगायीत जावं लागतं, तेव्हा पुढचं होतं. इथे काही होत नाही. त्यात हे उकडलेलं. ते बकऱ्याच्या यकृतातल्या किड्याचं आहे. तुमच्या सूपातून आलं आणि तसंच बाहेर आलं."

"म्हणजे पोरगा बीमार नाय?"

"तो ठणठणीत आहे."

त्यांनी ओढणीने चेहरा पुसला आणि हसल्या. "वा. किडा बकऱ्याचा, आणि नोकरी जाते माझ्या पोराची."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, एक एक करून, बाजारात भाव विचारावा तसे.

"सूप बंद केला तर?"

"चार-पाच दिवसांत साफ होईल."

"मग मेडिकलला पास?"

"हो."

"आणि नाय बंद केला तर?"

"अंडी दिसत राहतील."

"म्हणजे नापास."

मी मान हलवली. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते त्या ऐकत असाव्यात असं वाटलं.

"त्याचा बाप पण तिकडेच होता," त्या म्हणाल्या. "शादी झाली आणि गेला. येईल तेव्हा पाहुण्यासारखा यायचा. चादर नवी टाकायची, बशा वरच्या काढायच्या. कायमचा आला तेव्हा आजार घेऊनच आला. मोठा पोरगा दुबईला हाय, त्याचं बिऱ्हाड पण तिकडेच. हा एक राहिला होता."

लॅबमध्ये माणसं जे बोलतात त्याला उत्तर नको असतं, हे तोवर मला कळलं होतं.

"सूपाचं पोराला सांगू नका, ताई."

इथे अडचण होती. नमुना ज्याचा, माहिती त्याची, हा आमचा नियम. मी त्यांना तसं सांगितलं. डॉक्टरांना आजच सांगणार आहे, हेही सांगितलं. "चौथा नमुना साफ आला तर त्याला सांगायचं काही कारण उरणार नाही. त्यात अंडी दिसली तर मला सांगावंच लागेल. पण मग तारखेपर्यंत साफ व्हायला वेळ उरणार नाही. मेडिकलच्या आधी तेवढा एकच नमुना बसतो."

त्या उठल्या. पिशवीतली भाजी सारखी केली. "बरं," एवढंच म्हणाल्या. हे बरं कशाला होतं, ते मला कळलं नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते आधी खूप हसले, मग त्यांनी एक गोष्ट विचारली, "ती बंद करेल?"

"माहीत नाही."

"त्याला हॉटेलातच जेवायला सांगायचं का?"

"सांगितलं तर का म्हणून विचारेल."

डॉक्टरांनी तिसऱ्या नमुन्याचा निष्कर्ष लिहिला नाही. इम्तियाजला फोन करून एवढंच कळवलं, की अजून खात्री होत नाही, आणखी एक नमुना लागेल.

त्या आठवड्यात मी नेहमीसारखं काम केलं. सांगायचं तर त्या कामाचा बहर तोवर ओसरलाच होता. पूर्वी सकाळी ट्रे डब्यांनी भरत असे. मग घरोघरी संडास झाले, नळाचं पाणी बरं झालं, शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या मिळू लागल्या. डॉक्टरही न तपासता गोळी देऊ लागले. गोष्ट चांगलीच झाली. पण आकडीजंताचं अंडं ओळखायला मी ज्या मुलींना शिकवलं, त्यांतल्या काहींना ते प्रत्यक्ष कधी दिसलंच नाही. मी जपून ठेवलेल्या पट्ट्यांवर त्या शिकल्या. एका धंद्याचं यश त्या धंद्याला असं संपवतं, आणि त्याची तक्रार कुठे करता येत नाही.

चौथा नमुना इम्तियाजने स्वतः आणला. डबी काउंटरवर ठेवली आणि बाकावर न बसता दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची केंद्रावरची तपासणी होती.

मी पट्टी केली. पहिल्या कोपऱ्यातून सुरुवात केली. स्टार्चचे कण, आयोडिनने निळे पडलेले. भाकरीचा कोंडा. डाळीची साल. सरी संपली, वळले. एके ठिकाणी पिवळं, लांबट काही दिसलं आणि मी भिंग वाढवलं. वनस्पतीची पेशी होती, झाकण नव्हतं. पुढे गेले. पट्टी संपली तेव्हा मी दुसरी केली, मग तिसरी. मग नमुना पाण्यात कालवून, गाळून, मोठ्या नळीत उभा ठेवला. जड अंडी तळाशी बसतात. तळाचा गाळ घेऊन पुन्हा पाहिलं. एवढं कुणी करायला सांगितलेलं नव्हतं.

नंतर डॉक्टर बसले. त्यांनीही पूर्ण पट्टी पाहिली, सरी न सोडता.

आमच्या कामात काही न सापडणं हाही निष्कर्ष असतो, आणि तो लिहायला जास्त धीर लागतो. सापडलेली वस्तू दाखवता येते. न सापडलेली दाखवता येत नाही, फक्त आपण सगळीकडे पाहिलं एवढंच आपल्याला माहीत असतं. त्या रिकाम्या पट्टीत एका बाईने घेतलेला निर्णय होता. तो डॉक्टरांना आणि मला ठाऊक होता. ज्याचा नमुना होता त्याला नव्हता.

"साफ आहे," मी इम्तियाजला सांगितलं.

"मग आधी काय होतं?"

"इदेच्या कलेजीची अंडी. जायला वेळ लागला."

हे खोटं नव्हतं. त्याने कागद घेतला, घडी केली, उघडून पुन्हा वाचला. "अम्मीला सांगतो," म्हणाला. "ती रोज नमाज पढून दुवा मागत होती."

केंद्रावर तो पास झाला आणि गेला.

तो गेल्यावर थोड्या दिवसांनी जुबैदाखाला लॅबमध्ये आल्या. हातात तीच कापडी पिशवी. या वेळी वर भाजी नव्हती. त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं, बर्फ धरलेलं पुडकं काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, इथे काउंटरवर नको. त्यांनी ते हातात धरलं.

"थोडा राहिलाय," त्या म्हणाल्या. "कुर्बानीचा हाय, फेकवत नाय. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा तर आता मन होत नाय. खाल्ला तर काय होईल?"

"काही होणार नाही. नीट शिजवा. किडा दिसला तर तेवढा भाग काढून टाका."

"आणि मी खाल्ला तर माझ्यात पण ते झाकणवाले दिसतील?"

"थोडे दिवस दिसतील."

"म्हणजे मी पण मेडिकलला नापास."

"तुम्हाला कुठे जायचंय, खाला?"

"मला कुठे जायचंय," त्या म्हणाल्या, आणि पुडकं परत पिशवीत ठेवलं.